काळ्या दगडावरचं तळघर

सोलापुरात स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका वाढल्या, तशा त्या तळघरांतही उतरल्या. अशीच एक अभ्यासिका चालवणाऱ्या तरुणाने रेडॉनबद्दल कुठेतरी वाचलं आणि धास्तावून भूगर्भशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांचं घर गाठलं.

"सर, जमिनीतून येणाऱ्या या वायूला ना रंग ना वास. पोरं माझ्याकडे दहा-दहा तास बसतात हो."

सरांनी त्याला शेजारच्या प्लॉटवर नेलं. तिथे पायाचं खोदकाम चालू होतं: वर हातभर काळी माती, मग पिवळट मुरूम, त्याखाली काळा पाषाण.

"युरेनियम झिजत झिजत रेडियम होतं, रेडियमपासून रेडॉन. आपल्या काळ्या दगडात युरेनियम दहा लाख भागांत जेमतेम एखादा भाग. ग्रॅनाइटमध्ये त्याच्या कितीतरी पट. 1993च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र घेतलं, तेव्हा सुमारे 338 मीटर काळा दगड भेदल्यावर ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. हैदराबादला तोच दगड रस्त्याच्या कडेला उघडा पडलाय."

"मग आपण सुटलो?"

"धास्ती नको, पण मोजून घ्यायला हवं. दगडात कमी असला तरी कोंडलेल्या जागेत तो साठत जातो. फरशीचे सांधे, भिंतीच्या भेगा, पाइपाभोवतीची फट, कुठूनही शिरतो. अमेरिकेत 1984 साली स्टॅन्ली वॉट्रस नावाच्या इंजिनिअरमुळे अणुवीज केंद्राचा धोक्याचा भोंगा वाजायला लागला. केंद्र तर अजून सुरूही झालं नव्हतं. किरणोत्सार तो घरून अंगावर घेऊन येत होता! घरातला रेडॉन तिथल्या मर्यादेच्या शेकडो पट निघाला."

"पण मोजायचं कसं?"

मोजणीची रीत साधी आहे. एका डबीत एलआर-115 नावाच्या लालसर फिल्मचा तुकडा लावून ती खोलीत टांगतात, भिंतीपासून दूर, माणूस श्वास घेतो त्या उंचीवर. रेडॉनमधून सुटलेले अल्फा कण फिल्मवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पाडतात. तीनेक महिन्यांनी फिल्म कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात ठेवली, की ओरखड्यांची भोकं होतात. प्रयोगशाळेत ती मोजतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेल्या डबीत दोन कप्पे असतात. दुसऱ्या कप्प्यात हवा सुईच्या टोकाएवढ्या भोकांतूनच शिरते. रेडॉनचा भाऊबंद थोरॉन मिनिटभरात निम्मा होतो, म्हणून तो वाटेतच संपतो. जवळपास चार दिवसांनी निम्मा होणारा रेडॉन मात्र आत पोचतो.

"आकडा किती आला की घाबरायचं?"

"बेकरेल हे किरणोत्साराचं माप. जागतिक आरोग्य संघटना घनमीटर हवेला 100 बेकरेल म्हणते, अगदीच जमलं नाही तर 300च्या वर नको. दर 100 बेकरेलमागे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका साधारण 16 टक्क्यांनी वाढतो. आणि तुझ्या जिन्यात पोरं सिगारेट ओढतात ना?"

तरुण गप्प झाला.

"ते आधी बंद कर. रेडॉनमुळे होणाऱ्या कर्करोगाचा धोका धूम्रपान करणाऱ्याला न करणाऱ्यापेक्षा 25 पट. विड्या वळणाऱ्या या गावात ही गोष्ट घरोघर कळायला पाहिजे. बाहेरची ताजी हवा आत सोडणारा पंखा बसव, सांधे सिमेंटने बुजव. त्यासाठी मोजणीची वाट बघू नकोस."

"आणि डबी हिवाळ्यात टांगू? तेव्हा खिडक्या बंद असतात."

"पुस्तकात तसंच आहे. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि तू एसी लावून दार गच्च लावतोस. एक डबी तेव्हाही टांग. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघू."