एक फोन उचलला नाही म्हणून

त्याने दुपारी फोन उचलला नाही आणि संध्याकाळी तू मला सांगतेस, ‘ताई, मीच हे नातं संपवून टाकते.’ गो बाय, पर्यटकांना घेऊन बोटीवर गेलेला माणूस फोन उचलणार कसा?

मावशी-काका वेगळे झाले तेव्हा तू सातवीत होतीस. चतुर्थीला दीड दिवस काकांकडे कट्ट्याला, मग मावशीकडे देवबागला. आमच्याकडे आलीस की आई तुला कपाटातला खण रिकामा करून द्यायची, पण तुझे कपडे पिशवीतच आणि पिशवी दाराशी. त्या मुलाशीही तू तशीच वागतेयस, निघायची तयारी आधी.

हे तुझ्या एकटीचं नाही. ज्युडिथ वॉलरस्टाइन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियात १९७१ पासून घटस्फोट झालेल्या ६० कुटुंबांतल्या मुलांचा पंचवीस वर्षं मागोवा घेतला. त्यांना दिसलं, की स्वतः प्रेमात पडायची वेळ आली की जुनं दुखणं जास्त वर येतं. मेव्हिस हेदरिंग्टन यांनीही अशा मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्या म्हणतात, बहुतेक मुलं सावरतात. मला त्यांचं जास्त पटतं, कारण तुझं नेमकं कुठे अडतं ते मला दिसतंय.

तू भांडणं पाहिलीस, ती मिटताना पाहिली नाहीस. आमचे आई-बाबाही कडाडून भांडायचे. मग संध्याकाळी बाबा किनाऱ्यावरून सौंदाळे आणून ओट्यावर ठेवायचे, आई एक शब्द न बोलता ते साफ करायला घ्यायची आणि जेवताना ‘अजून वाढू?’ म्हणायची. झालं, मिटलं. तुला मात्र अबोला म्हणजे शेवटच वाटतो. अगो, परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचा तरी १९७६ पासून कायदा अर्जानंतर सहा महिने थांबायला सांगतो. मावशी-काकाही ती मुदत थांबले. तू एका दुपारीत निकाल लावतेस!

आज मेसेज टाकू नको. उद्या त्याला समोर बसवून सांग, ‘फोन लागला नाही की सोडून गेलास असं वाटतं. चूक तुझी नाही, पण तुला माहीत असू दे.’ त्याने ते हसण्यावारी नेलं, तर सोडायचं की नाही ते आपण दोघी बसून ठरवू. ‘आईबाप वेगळे ना हिचे?’ म्हणणाऱ्यांना मी बघून घेते.

आणि मावशीला एकदा विचार, का वेगळे झालात. ती कधी बोलली नाही, म्हणून आपल्यामुळेच झालं असं तू धरून बसलीस. रविवारी ती घरी असते. मी येते सोबत, पण विचारायचं तू.