लाल टेपची खूण

अगं, हॅम रेडिओचा परवाना हातात आला म्हणून तू लगेच दोन यागी अँटेना एकावर एक चढवायला निघालीस, याचा मला फार आनंद झाला. पण पाईप उभा करण्याआधी माझं थोडं ऐक.

गारखेड्यातल्या आमच्या गच्चीवर मीही अशाच दोन यागी लावल्या होत्या. १४५ मेगाहर्ट्झ, दोघींत ३ मीटर अंतर. एसडब्ल्यूआर मीटर बघितला तर काटा अगदी हवा तिथे. आणि समोरचं स्टेशन म्हणे, "आधी एकच यागी होती तेव्हा तुमचा आवाज जास्त स्वच्छ यायचा." दोन दिवस मी उन्हात पाईपवर चढ-उतर केली. शेवटी सापडलं: खालच्या यागीच्या डायपोलला कोॲक्सची मधली तार डाव्या बाजूला होती, वरच्याला उजव्या. एक पुढे ढकलते तेव्हा दुसरी मागे ओढते. जात्यावर दोघी बसल्या आणि एकीने खुंटा उलटा ओढला तर पीठ पडेल का? समोर सिग्नल जवळजवळ शून्य, सगळी ताकद वर आणि खाली अशा दोन पाकळ्यांत गेलेली. एसडब्ल्यूआर मीटर मात्र याबद्दल एक शब्द बोलत नाही. त्याला फक्त भार कळतो, फेज कळत नाही. म्हणून त्याच्या भरवशावर राहू नकोस, बाई.

केबलचंही तसंच. दोन्ही तुकडे एकाच रिळातून काप. साध्या भरीव पॉलिथिनच्या केबलमध्ये १० सेंटीमीटरचा फरक म्हणजे जवळपास २६ अंशांची चूक. जोडणीसाठी ७५ ओहमच्या केबलचा पाव तरंग साधारण ३४ सेंटीमीटर येतो. तेवढ्यात ३ मीटर पार होणार नाहीत, म्हणून त्याची पाचपट घे, प्रत्येकी १७१ सेंटीमीटर. सम पट मात्र चालणार नाही. ५० ओहमची यागी त्या टोकाला ११२ ओहमसारखी दिसते आणि दोन जोडल्या की ५६. तेवढं पुरतं. फोमची केबल असेल तर लांबी पुन्हा काढ, तिच्यात तरंग जास्त वेगाने धावतो.

अँटेना एका फेजमध्ये जोडण्याचं हे काम आपल्याकडे कितीतरी मोठ्या प्रमाणावर झालं आहे, बरं का. १९६५ मध्ये कल्याणला गोविंद स्वरूप यांच्या गटाने ऑस्ट्रेलियातून आलेल्या ६ फुटी ३२ तबकड्या जोडून ६१० मेगाहर्ट्झवर सूर्य पाहिला. तिथल्या तारांच्या लांबीचा विचार केला की मला अजून आदर वाटतो. तुझ्याकडे दोनच आहेत.

फायदा फार तर ३ डेसिबल, म्हणजे एस मीटरवर अर्धी रेघ. त्यामुळे काटा जरा हलला नाही म्हणून खचू नकोस. दूरच्या ओळखीच्या स्टेशनला सतत कॅरिअर सोडायला सांग, एकटीवर ऐक, मग दोघींवर. दोघींवर एकटीपेक्षा खूप कमी आलं तर केबल कापत बसू नकोस, आधी एक डायपोल उलटव.

उन्हं उतरली की गच्चीवर येते. लाल टेप आणून ठेव, मधली तार जिकडे जाते त्या भुजेवर दोन्हीकडे खूण करून मगच पाईप उभा करू.