कामगार कोणाला म्हणायचे?



काही दिवसांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील एका वृद्ध मावशींचा फॉर्म मी भरून देत होतो. ‘व्यवसाय’ हा रकाना आला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘काही नाही लिहा, फादर. मी घरीच असायचे.’ या मावशी चाळीस वर्षे पहाटेच्या गाडीने भाजीची टोपली घेऊन मुंबईला जात होत्या. त्या टोपलीवर तीन मुले शिकली. तरी रकान्यात ‘काही नाही’!

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आमचे प्राध्यापक व्याख्येवर फार भर देत. व्याख्या चुकली की पुढचे सगळे चुकते, असे ते म्हणत. तेव्हा तो रटाळ विषय वाटे. व्याख्येबाहेर राहिलेल्या माणसाचे काय होते, हे मला पुढे अहमदाबादच्या ‘सेवा’ या संघटनेचा इतिहास वाचताना कळले. आज तोच थोडा सविस्तर पाहू.

अहमदाबाद हे कापड गिरण्यांचे शहर. तेथे गांधीजी आणि अनसूया साराभाई यांच्या प्रेरणेने 1920 साली ‘मजूर महाजन’ ही गिरणी कामगारांची संघटना उभी राहिली. इला भट्ट या तरुण वकील 1955 साली तिच्यात दाखल झाल्या आणि 1968 पासून महिला विभाग पाहू लागल्या. 1971 मध्ये कापडबाजारात डोक्यावरून गठ्ठे वाहणाऱ्या स्त्रिया त्यांच्याकडे आल्या. व्यापारी किती खेपांचे किती पैसे देतो याची धड नोंद नसे. इलाबेनने त्यांच्या हालांविषयी वर्तमानपत्रात लेख लिहिला. व्यापारी चिडले. त्यांनीही लेख छापून आणला की, आम्ही या बायकांना योग्यच मजुरी देतो, अमुक खेपेला अमुक दर. झाले! महिला विभागाने व्यापाऱ्यांचा तोच दावा छोट्या कार्डांवर छापला आणि प्रत्येक मजूर बाईच्या हातात एकेक कार्ड दिले. शेठजींनी कमी पैसे दिले की बाई कार्ड पुढे करी. मला ही युक्ती फार आवडते. घोषणा नाही, दगडफेक नाही. समोरच्याचाच शब्द त्याच्या पुढ्यात ठेवायचा.

ही बातमी जुन्या कपड्यांच्या फेरीवाल्या बायकांपर्यंत गेली. त्याही आल्या. आपली वेगळी संघटना हवी, असे ठरले. पण 1972 मध्ये नोंदणीसाठी गेल्यावर कामगार खात्याने विचारले, ‘तुमचा मालक कोण?’ ज्याला मालक आहे तो कामगार, ही त्यांची व्याख्या. भाजी विकणारी, पापड लाटणारी, कागद वेचणारी, घरी बसून विड्या वळणारी बाई कोणाविरुद्ध लढणार? इलाबेनचे म्हणणे असे की, संघटना कोणाच्या विरोधातच असावी लागते असे नाही. एकमेकींच्या सोबतीसाठीही ती असते. बरीच वादावादी झाली आणि अखेर एप्रिल 1972 मध्ये नोंदणी मिळाली. (म्हणजे काटेकोरपणे पाहिले तर ‘सेवा’ ही धर्मादाय संस्था नव्हे, ट्रेड युनियन आहे. आपण चर्चमध्ये ‘सेवा’ म्हणतो तेव्हा देणारा वर आणि घेणारा खाली, असे चित्र नकळत डोळ्यांपुढे येते. येथे तसे नाही.)

आता पैशाचा प्रश्न. फेरीवाली सकाळी सावकाराकडून पन्नास रुपये घेई आणि संध्याकाळी पंचावन्न परत करी. पाच रुपये म्हणजे काही फार नाही, असे वाटते. पण हिशेब करून पाहा. वर्षातले तीनशे दिवस धंदा केला तर पन्नास रुपयांच्या भांडवलापायी पंधराशे रुपये व्याज जाते आणि पन्नास रुपयांचे कर्ज होते तसेच राहते! 1969 साली मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. परंतु मळक्या लुगड्यातली, कडेवर मूल घेतलेली, सही न येणारी बाई काउंटरपाशी आली की बाबूंच्या कपाळाला आठ्या पडत. तेव्हा एका सभेत जुने कपडे विकणाऱ्या बाईनेच सुचवले की, आपली आपणच बँक काढू. गरीब असलो तरी आपण पुष्कळ आहोत. 1974 मध्ये चार हजार बायकांनी दहा-दहा रुपयांचे भाग घेतले. नोंदणीसाठी सह्या लागत होत्या, म्हणून प्रवर्तक बायकांनी रात्रभर जागून आपले नाव गिरवले. पुढे खातेदार ओळखायला सहीऐवजी फोटो आला. ही सहकारी बँक आजही चालू आहे.

1981 साली मात्र खरी कसोटी लागली. वैद्यकीय महाविद्यालयांतील राखीव जागांवरून अहमदाबादेत दंगे पेटले आणि दलित वस्त्यांवर हल्ले झाले. ‘सेवा’च्या कित्येक सभासद दलित होत्या. इलाबेन उघडपणे त्यांच्या बाजूने बोलल्या. मजूर महाजनाला हे रुचले नाही. ज्या घरात ‘सेवा’ जन्मली त्या घरानेच तिला बाहेर काढले. गप्प राहिल्या असत्या तर छप्पर टिकले असते. त्या गप्प राहिल्या नाहीत. 2002 च्या दंगलींनंतरही हिंदू आणि मुसलमान दोन्ही सभासद असलेल्या या संघटनेने छावण्यांतल्या बायकांच्या हाताला काम दिले. इला भट्ट नोव्हेंबर 2022 मध्ये निवर्तल्या. आज ‘सेवा’ची सभासदसंख्या वीस लाखांच्या वर आहे.

हे आपल्याला कशाला, असे कोणी विचारील. माणेकचौकातल्या भाजीवाल्यांसाठी ‘सेवा’ 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. ‘सेवा’ आणि देशभरच्या फेरीवाला संघटनांनी पुढे कित्येक वर्षे पाठपुरावा केला आणि 2014 साली पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा झाला. तो आपल्याकडेही लागू आहे. शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात, आणि अनुसूचित जाती-जमाती, अल्पसंख्य व अपंग यांनाही योग्य स्थान हवे. जागेवरून उठवायचे तर तीस दिवसांची नोटीस हवी. माल जप्त केला तर त्याची यादी द्यावी लागते. भाजी, फळे असा नाशवंत माल मागणी केल्यावर, ठरलेले शुल्क भरून, त्याच दिवशी परत मिळायला हवा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: रेल्वेची जागा आणि गाड्या या कायद्याच्या बाहेर आहेत. स्टेशनच्या पुलावर बसणाऱ्या भगिनींना याचा आधार मिळणार नाही.

ज्यांच्या घरातून कोणी टोपली घेऊन बाजारात जाते, त्यांनी विक्री प्रमाणपत्र काढले आहे का, ते पाहावे. नसेल तर येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर ऑफिसात भेटा, अर्ज मिळून भरू. त्या मावशींच्या फॉर्मवर मी ‘भाजीविक्रेती’ असे लिहिले. त्यांनी ते दोनदा वाचायला लावले.