फरशी उचलून बघा

नव्या इमारतीत फरशीचा विषय निघाला की सगळ्यांचं लक्ष रंगाकडे जातं. ग्लॉसी घ्यायची की मॅट, दोन बाय दोन की दोन बाय चार, मोरबीहून थेट मागवायची की इथल्या शोरूममधून, यावर सभांमागून सभा होतात. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतही झाल्या. पण फरशी वीस वर्षं टिकणार की दुसऱ्या उन्हाळ्यात उखडणार, हे रंगावर ठरत नाही आणि खोक्यावरच्या नावावरही फारसं ठरत नाही. ते ठरतं फरशीखालच्या दीड-दोन इंचांत. तो भाग सकाळी उघडा असतो आणि संध्याकाळी कायमचा झाकला जातो. म्हणून फरशीचा कंत्राटदार निवडताना मी आता सगळ्यांत आधी एवढंच पाहते, की केलेलं काम उचलून दाखवायला हा माणूस तयार आहे का?

हे मी ऐकीव सांगत नाही. 13 सप्टेंबर 2019 च्या शासन निर्णयानंतर स्वयंपुनर्विकासाकडे ज्या सोसायट्या वळल्या, त्यांतली एक आमची. विकासक नाही, म्हणजे सगळी देखरेख बांधकाम समितीची, आणि मी त्या समितीची सचिव. इमारतीचं काम मुख्य कंत्राटदाराकडे होतं आणि फरशी कोणाकडून बसवून घ्यायची याचा अधिकारही करारानुसार त्याचाच होता. त्याने ते काम एकाला दिलं. त्या एकाने आपला वाटा ठेवून दुसऱ्याला दिलं. प्रत्यक्ष गुडघे टेकून फरशी बसवणारे मिस्त्री आणखी तिसऱ्याच मुकादमाचे निघाले. काम मात्र भराभर झालं, चकचकीत झालं, आणि दिवाळीनंतर आम्ही राहायला आलो.

एप्रिलमध्ये एका दुपारी पाचव्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. "अगं, हॉलमध्ये काहीतरी मोठ्ठा आवाज झाला, तू आधी वर ये." वर जाऊन बघते तो हॉलच्या मधोमध दोन फरश्या एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या राहिलेल्या. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या ओळीही सुटल्या होत्या. पाय ठेवला की खडखड वाजत. एक फरशी मी हातानेच उचलली. छिन्नी लागली नाही, हातोडी लागली नाही. तिची पाठ नुकतीच खोक्यातून काढल्यासारखी स्वच्छ होती. कारखान्यातून येते ती पांढरी पूडसुद्धा पाठीवर तशीच. खालचा सिमेंट-वाळूचा थर बोटांनी चुरडला तर नुसती वाळू हाती आली. पुढच्या काही आठवड्यांत आणखी घरांतून तशाच तक्रारी यायला लागल्या.

मुख्य कंत्राटदार म्हणाला, उन्हाळा कडक आहे, आणि टाइलमध्येच दोष असेल. टाइल कंपनीचा माणूस आला, त्याने फरश्यांची जाडी, वाक, काटकोन सगळं मोजून दाखवलं. टाइल चांगलीच होती. बसवणाऱ्या मुकादमाचा फोन तर केव्हाच बंद झाला होता.

असं का होतं ते प्रत्येक घर घेणाऱ्याने समजून घ्यायला हवं. जुनी शहाबादी, मोझेक किंवा साधी सिरॅमिक फरशी पाणी पिते, त्यामुळे सिमेंटचा घोळ तिच्या अंगात शिरून तिला धरून ठेवतो. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. तिच्या पाठीत घोळ शिरतच नाही, वरवर चिकटतो. त्यात पाठीवरची पूड पुसलेली नसेल तर तेवढाही चिकटत नाही. म्हणून तिला पॉलिमर असलेलं टाइल ॲडहेसिव्ह लागतं. त्यासाठी आयएस 15477 हे भारतीय मानक 2004 पासून आहे, 2019 मध्ये ते सुधारलंही. आता दुसरी बाजू. नवा स्लॅब वाळता वाळता दोन-तीन वर्षं किंचित आक्रसत राहतो, टाइल आक्रसत नाही. वरून ऊन आलं की टाइल उलट पसरते. मिस्त्रीने सांधे न ठेवता फरश्या एकमेकींना खेटून लावल्या असतील आणि भिंतीपर्यंत घट्ट ठोकल्या असतील, तर तिला पसरायला जागाच उरत नाही. पकड मजबूत असेल तर ती हा ताण सोसते, नसेल तर वर उठते. यात उन्हाळ्याचा काय दोष? पुण्यात एप्रिल दरवर्षीच येतो.

मुख्य कंत्राटदाराची रिटेन्शनची रक्कम आमच्या हातात होती, म्हणून पुन्हा फरशी बसवण्याचा खर्च त्याच्या पैशातून निघाला. पण या खेपेला फरशीवाला आम्ही निवडणार, ही अट समितीने घातली. पुढचं सगळं त्या निवडीतून आलेलं आहे.

दरपत्रक मागवण्याआधी आम्ही प्रत्येकाकडे त्याच्या जुन्या कामांचे पत्ते मागितले. नुकतं संपलेलं काम दाखवायला सगळेच उत्सुक असतात. त्याचा उपयोग नाही. किमान दोन-तीन उन्हाळे पाहिलेली फरशी दाखवा म्हटलं की निम्मे उमेदवार गळतात. तिथे गेलात तर विकासकाला नव्हे, राहणाऱ्या बाईला विचारा. स्वयंपाकघरातल्या ओट्यापुढची, गॅलरीच्या दाराशी ऊन येतं तिथली आणि खोलीच्या कोपऱ्यांतली फरशी नाण्याने किंवा लाकडी काठीने हलकेच वाजवा. भरीव फरशी ठसठशीत वाजते, पोकळीचा बद आवाज लगेच कळतो. एखादा कोपरा पोकळ निघाला म्हणून माणसाला बाद करू नये, पण ओळीच्या ओळी पोकळ वाजल्या तर पुढे बोलूच नये.

मग मिस्त्री. दर ठरवायला येतो तो इस्त्रीच्या शर्टातला माणूस तुमची फरशी बसवणार नसतो. त्याच्या चालू साइटवर न सांगता जा आणि काम करणाऱ्यांशी बोला. शेठबरोबर किती वर्षं आहात, मागचा हिशेब कधी झाला, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. ज्याचे मिस्त्री वर्षानुवर्षं टिकून आहेत तो पैसे वेळेवर देतो, आणि ज्याला पैसे वेळेवर मिळतात तो मिस्त्री अर्ध्या खोलीवर काम टाकून गावी जात नाही. ग्राइंडरने टाइल कोरडी कापली की धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो. पाणी सोडून कापतात का, तोंडाला मास्क आहे का, कामगारांचा विमा उतरवलाय का, हे मी आवर्जून बघते. त्या माणसांची काळजी म्हणून तर बघायचंच. शिवाय जो आपल्या माणसांच्या बाबतीत हयगय करतो तो तुमच्या घराच्या बाबतीत करणार नाही असं मानायला काही आधार नाही.

आम्ही शेवटी ज्यांना काम दिलं त्यांचे मिस्त्री राजस्थानातले होते आणि त्यांच्यावर देखरेखीला साताऱ्याकडचे एक वयस्कर मामा होते. आमची अट होती की आधी एकाच खोलीचं काम करायचं आणि दोन दिवसांनी आम्ही सांगू त्या दोन फरश्या उचलून दाखवायच्या. एका कंत्राटदाराने या अटीवर "एवढा अविश्वास असेल तर कशाला काम करायचं" म्हणून विषय संपवला होता. मामा म्हणाले, "ताई, दोन काय, चार उचला. फक्त आत्ता सांगा, म्हणजे तेवढा माल जास्तीचा धरतो." त्यांनीच मग चार कोपऱ्यांतून पातळ पटाशी घालून फरशी काढली. ती सहजासहजी निघत नव्हती, शेवटी तुटूनच आली, आणि तिच्या पाठीवर कोपऱ्यांपर्यंत ॲडहेसिव्ह भरलेलं होतं. खाली दातेरी थापीच्या रेघा एकाच दिशेने दाबल्या गेलेल्या दिसत होत्या. मामांनी तो तुकडा उलटा धरून समितीतल्या प्रत्येकाच्या हातात दिला. दर त्यांचा सगळ्यांत कमी नव्हता, तरी त्या तुकड्यावर एकमत व्हायला वेळ लागला नाही.

सगळ्या खोल्या अशा उचलून बघता येत नाहीत, म्हणून आणखी एक सोपा मार्ग आहे: रिकाम्या गोण्या मोजा. ॲडहेसिव्हची 20 किलोची गोणी 3 मिलिमीटरच्या थराला जेमतेम 50 चौरस फूट पुरते. 600 चौरस फुटांच्या घरात डझनभर गोण्या लागल्याच पाहिजेत, थर जाड असेल तर त्याहून जास्त. पाच-सहाच गोण्या संपलेल्या दिसल्या तर काय झालं असेल ते सांगायला इंजिनिअर नको. रिकाम्या गोण्या साइटवरच ठेवायच्या आणि बिलाच्या वेळी मोजून द्यायच्या, हे आम्ही वर्क ऑर्डरमध्ये लिहूनच घेतलं.

लेव्हलकडेही पहिल्याच दिवशी लक्ष द्यावं लागतं. चांगला माणूस फरशीला हात लावण्याआधी सगळ्या भिंतींवर पक्क्या फरशीपासून एक मीटर उंचीची रेघ मारून घेतो, पूर्वी पाण्याच्या नळीने, आता लेझरने. लिफ्टसमोरची जागा, घराचा उंबरा, गॅलरी आणि बाथरूम यांची उंची त्या एका रेघेवरून ठरते. ही रेघ नसली की शेवटी गॅलरीचं पाणी हॉलमध्ये येतं किंवा दारं खालून तासावी लागतात. दोन बाय चारची मोठी टाइल लांबीत किंचित कमानदार असतेच. ती विटांच्या बांधकामासारखी अर्ध्यावर सरकवून लावली की सांध्यावर कडा वर येतात आणि अनवाणी पायाला टोचतात. सरळ लावा, नाहीतर फार तर एक तृतीयांश सरकवा. सांधा दोन-तीन मिलिमीटरचा, स्पेसर घालूनच. भिंतीलगत आठ-दहा मिलिमीटर मोकळे. ते स्कर्टिंगखाली झाकले जातात, दिसत नाहीत. "सांधा ठेवला की घाण बसते, बिनसांध्याची करून देतो" असं जो कौतुकाने सांगतो त्याला नमस्कार करून निरोप द्यावा.

बाथरूममध्ये घाई करूच नका. वॉटरप्रूफिंग झाल्यावर निदान 48 तास पाणी भरून ठेवायचं, खालच्या घराचं छत बघायचं, आणि मगच फरशी. ढाळ मीटरमागे 10 ते 12 मिलिमीटर पुरतो. बादलीभर पाणी ओतलं की ते कुठेही न साचता नहाणी ट्रॅपकडे गेलं पाहिजे. वॉटरप्रूफिंग एकाचं आणि फरशी दुसऱ्याची असेल तर गळतीला दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. शक्य तर दोन्ही एकालाच द्या; नाही तर पाणी भरलेल्या चाचणीवर दोघांच्या सह्या घ्या.

कागदावर काय असावं, यात बरेच लोक फक्त चौरस फुटाचा दर बघतात. वाद होतो तो बाकीच्या गोष्टींवर. स्कर्टिंग रनिंग फुटावर की चौरस फुटावर, खिडकीच्या कडांचं मोल्डिंग दरात की वेगळं, खालचा थर ठरल्यापेक्षा जाड करावा लागला तर वाढीव मालाचे पैसे कोणाचे, माल वर चढवायचा कोणी, डेब्रिज हलवायचं कोणी. सरळ मांडणीत तुटफूट साधारण 5 टक्के धरतात. त्याहून जास्त गेली तर टाइलची किंमत कोण भरणार तेही लिहा. काम संपताना फरशी ॲसिडने धुण्याची वाईट सवय सर्रास आहे, त्याने ग्राउट जळतं आणि नळाच्या जाळ्याही काळ्या पडतात. ॲसिड वापरायचं नाही, असं स्पष्ट लिहून घ्या. फरशी झाल्यावर रंगारी आणि सुतार येणार असतात, तेव्हा प्लॅस्टिक अंथरून वर पीओपीचा थर द्यायचा खर्चही आधीच ठरवा. कंत्राटदाराचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर कोणालाही विनामूल्य तपासता येतो, तो तपासाच. आणि लेखी परवानगीशिवाय काम दुसऱ्याला देता येणार नाही, ही अट माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची.

विकासकांसाठी आणि आमच्यासारख्या सोसायट्यांसाठी आणखी एक. रेरा कायद्याच्या कलम 14(3) नुसार ताबा दिल्यापासून 5 वर्षांत कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला तर प्रवर्तकाने तो 30 दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. ही जबाबदारी प्रवर्तकाची आहे, फरशीवाल्याची नाही. वाढीव सदनिका विकणारी सोसायटी त्या ग्राहकांपुढे स्वतःच प्रवर्तक असते. फरशीवाल्याची हमी एक वर्षाची आणि तुमची पाच वर्षांची असेल, तर मधली चार वर्षं तुम्ही उघड्यावर आहात. त्याच्या करारातही पाचच वर्षं घाला. रिटेन्शन पाच वर्षं अडकवून ठेवणं कोणाला परवडत नाही, तसं करूही नये, पण एक पूर्ण उन्हाळा आणि एक पावसाळा जाईपर्यंत बिलाचा काही भाग हातात ठेवा आणि त्यानंतर तो मागायला न लावता द्या. आधीची बिलंही कामाच्या टप्प्यांनुसार, मोजमाप झाल्यावर लगेच द्यावीत. वेळेवर पैसे देणाऱ्या सोसायटीसाठी चांगला कंत्राटदार आपले चांगले मिस्त्री पाठवतो, हे मी पाहिलं आहे.

शेवटचं बिल देण्याआधी प्रत्येक घरात काठी घेऊन फिरा, पोकळ वाजेल त्या फरशीवर खडूने फुली करा आणि ती बदलून घ्या. प्रत्येक प्रकारच्या फरशीची तीन-चार खोकी बाजूला काढून ठेवा आणि त्यांवरचा बॅच व शेड क्रमांक सोसायटीच्या दप्तरात लिहून ठेवा. तीच कंपनी, तेच नाव, तरी दुसऱ्या बॅचची फरशी शेजारी लावली की रंगातला फरक दारातूनच दिसतो, आणि दोन वर्षांनी ती बॅच बाजारात मिळत नाही.