काळजी आणि काळीज

वाईट बातमी कानावर आली की आपण म्हणतो, "काळजात धस्स झाले." भ्यालो की म्हणतो, "छातीत धडकी भरली." आम्ही मुलांना हे वाक्प्रचार कित्येक वर्षे शिकवले. फळ्यावर अर्थ लिहून दिले. पण ही नुसती बोलायची रीत नाही, हे आम्हांला फार उशिरा कळले.

आमच्या शेजारच्या काकूंचे थोरले भाऊ अचानक वारले. फोन आला आणि काकू मटकन खाली बसल्या. रडता रडता छाती धरून म्हणाल्या, "गुरुजी, हितं लई दाटलंय." अंगाला दरदरून घाम सुटला होता. बायका म्हणाल्या, दुःखाने होतंय. आम्हीही तेच म्हणालो, "रडू द्या त्यांना, मोकळं वाटेल." पाणी पाजले, पाठ चोळली. असा तास गेला. त्यांचा पुतण्या शहाणा. त्याने आमचे न ऐकता १०८ ला फोन केला.

तालुक्याला हृदयाचा आलेख काढला. तो बिघडलेला निघाला. मग जिल्ह्याच्या इस्पितळात नेले. तेथे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या तपासल्या. त्या तर मोकळ्या होत्या! पण हृदयाचे टोक फुग्यासारखे फुगले होते. त्याचा जोर कमी झाला होता.

हा आजार प्रथम जपानी डॉक्टरांनी १९९० साली लिहून ठेवला. जपानात ऑक्टोपस नावाचा आठ हातांचा समुद्रप्राणी धरतात. त्यासाठी पाण्यात मडके सोडतात. त्याचे पोट गोल आणि गळा अरुंद. आजारी हृदय तसेच दिसले, म्हणून त्या मडक्याचेच नाव आजाराला दिले, ताकोत्सुबो. पन्नाशी उलटलेल्या बायकांना तो जास्त होतो. पुष्कळदा मोठे दुःख किंवा मोठी भीती त्याला निमित्त होते. बहुतेकांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते. पण काही जण दगावतातही. वाहिनी तुंबून येणारा हृदयविकाराचा झटका आणि हा आजार, दोन्हींचे दुखणे सारखेच. घरी बसून ते डॉक्टरलासुद्धा ओळखता येत नाही. मग आमच्यासारख्या मास्तराला काय ओळखणार?

असे का होते? आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. समजा, उधळलेला बैल अंगावर आला. त्या ग्रंथी लगेच रक्तात एक रस सोडतात. हृदय जोरात पळते, रक्तदाब चढतो, पायांत बळ येते. आपण कुंपण ओलांडतो. बैल गेला की रस ओसरतो. पण कर्जाचा तगादा बैलासारखा निघून जात नाही. तो रात्री उशाशी येऊन बसतो. झोप उडते. विडी-तंबाखू वाढते. रक्तदाबाची गोळी घ्यायची राहते. असे महिनोन्‌महिने चालले की हृदय थकते.

आधीच वाहिन्या अरुंद झाल्या असतील तर एक धक्काही पुरतो. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराच्या भागात १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे साडेचारला भूकंप झाला. त्याआधीच्या आठवड्यात तेथे हृदयविकाराने अचानक गेलेल्यांची नोंद रोज सरासरी पाचाच्या आत होती. त्या एका दिवशी ती २४ झाली. ढिगाऱ्याखाली सापडलेले वेगळे. या २४ जणांपैकी जादा अंगमेहनत करताना गेलेले फक्त तिघे होते.

म्हणून छातीत दाटले, घाम सुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, दम लागला, तर तासभर वाट पाहू नये. बायकांना कधी नुसती मळमळ आणि दमही होतो. माणूस रडत असला तरी १०८ ला फोन करावा. रडणे गाडीतही होते.

आणि मन सतत खिन्न असेल, झोप येत नसेल, तर तेही डॉक्टरला सांगावे. १४४१६ या सरकारी नंबरावर मराठीतून फुकट बोलता येते. तेथे बोलले म्हणजे वेड लागले, असे मुळीच नाही.

इस्पितळात गेल्यावर घरात काय घडले तेही सांगावे, बरे का. आम्हांला वाटले होते, डॉक्टरला घरच्या गोष्टी कशाला? पण काकूंच्या पुतण्याने भाऊ वारल्याचे आधीच सांगितले, आणि त्यावरूनच डॉक्टरांच्या मनात त्या मडक्याचा आजार आला.