पाठलाग आणि आपण

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या गावच्या फाट्यावरून पोलिसांची जीप एका टेम्पोच्या मागे लागली होती. माझ्या चुलतभावाने मागचापुढचा विचार न करता एक हातगाडी रस्त्यात ढकलली. टेम्पो वळला आणि कडेला बसलेल्या भाजीवाल्या मावशींना धडकला. त्यांचा पाय मोडला. निम्म्या गावाने दादाला शूर म्हटले, निम्म्याने नावे ठेवली. आजोबा मला म्हणाले, "तू कॉलेजात शिकतेस ना? मग कायदा काय म्हणतो ते बघ." आमच्या घरात असे काम प्रथमच कुणावर आले.

ग्रंथालयात मी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ वाचली. ती १ जुलै २०२४ पासून लागू आहे. कलम ३१ प्रमाणे, पळणाऱ्याला पकडण्यासाठी पोलिसाने रास्त मदत मागितली तर ती देणे नागरिकावर बंधनकारक आहे. कलम ४० प्रमाणे, आपल्या समक्ष दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला नागरिक स्वतः पकडू शकतो. मात्र सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते.

पण दादाकडे मदत कुणी मागितली नव्हती आणि टेम्पोवाल्याचा गुन्हा फाट्यावर कुणालाच ठाऊक नव्हता. पाठलाग पाहिला म्हणजे गुन्हा पाहिला असे नव्हे. नुसत्या संशयावरून गाडी अडवली की काय घडते, हे १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दिसले. चोर समजून जमावाने दोन साधू व त्यांचा चालक यांना ठार मारले.

कुणी तुकाराम ओंबळे यांचे उदाहरण देईल. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी दाखविलेले शौर्य वादातीत आहे. परंतु ते स्वतः पोलिस होते, गाडीची वर्दी आधी मिळाली होती आणि नाकाबंदी लागलेली होती.

म्हणून माझ्या मते नागरिकाने रस्ता मोकळा करावा, मुलाबाळांना बाजूला घ्यावे, गाडीचा नंबर व दिशा ११२ वर कळवावी. पुढे साक्ष देण्याची वेळ आली तर मागे सरू नये. त्यालाही धैर्य लागतेच.

हे मी घरी वाचून दाखविले. दादा काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो मावशींसाठी बाजारातून भाजी आणायला गेला. अजूनही जातो.