जुने वाहन : पूर्वरूप की नवे रूप?

कोल्हापूरच्या दसरा चौकात सीमोल्लंघनासाठी छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते, तेव्हा लोक तिचा वेग पाहण्यास जमत नाहीत. ती होती तशी राहिली, यातच तिचे मोल आहे. पन्हाळ्याचा चढ रोज चढणाऱ्या जुन्या जीपला हाच न्याय लावावा काय?

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भन्ते नागसेन राजा मिलिंदास आस, चाके, जू यांपैकी रथ कोणता, असे विचारतात. एकही नाही, त्या सर्वांच्या आधारे ‘रथ’ हे नाव पडते, एवढेच. कायदा इतका सूक्ष्म नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीस ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. मात्र चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. शिवाय अशी गाडी नित्य वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ही अट पुष्कळांना उशिरा कळते.

म्हणून रंग निवडण्यापूर्वी गाडीखाली वाकून पाहावे. येथील पावसात व धुक्यात चासी आतून गंजते, वरून मात्र चकचकीत दिसते. मूळ भाग शाबूत असतील व रोजची निकड नसेल, तर पूर्वरूपच द्यावे. घरची मुले, आजारी माणसे न्यायची असतील, तर आधी ब्रेक सुधारावेत. घाटाच्या उतारावर अस्सलपणा कामास येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मुळे नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार परस्पर करता येत नाही. इंजिन बदलण्यापूर्वी आरटीओची परवानगी घ्यावी. काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून जपावा. पुढच्या पिढीला हा निर्णय फिरवावासा वाटेल.